जपान वाचायला घेताना

रविवार, रात्री.

भाचीने आज फोनवर विचारलं, "मावशी, जपान समजून घ्यायचाय. कुठल्या पुस्तकापासून सुरू करू?"

रूथ बेनेडिक्ट यांचं 'द क्रिसॅन्थिमम अँड द स्वोर्ड' अगदी ओठांवर आलं होतं. १९४६ चं पुस्तक, अजूनही सगळे तेच सुचवतात. पण नाही सुचवलं. बेनेडिक्ट जपानला कधी गेल्याच नव्हत्या. युद्धाच्या काळात अमेरिकी सरकारसाठी काम करताना, अमेरिकेतल्या जपानी लोकांशी बोलून त्यांनी शत्रूचा स्वभाव उलगडायचा प्रयत्न केला. पुस्तक बुद्धिमान आहे, वाचावंच. पण ते आधी वाचलं की पुढे भेटणारा प्रत्येक जपानी माणूस आपण त्याच साच्यात बसवू लागतो.

तिला म्हटलं, आधी त्यांच्या रोजनिशा वाच.

हजार वर्षांपूर्वीच्या त्या 'सराशिना निक्की'वर माझा फार जीव आहे. लिहिणारीचं नावसुद्धा उरलेलं नाही. सुगावारा नो ताकासुए याची मुलगी, एवढीच तिची ओळख. राजधानीपासून दूर काझुसा प्रांतात वाढताना सावत्र आईकडून, बहिणीकडून 'गेंजी' या त्या काळच्या गाजलेल्या कादंबरीतल्या गोष्टी तुकड्या-तुकड्यांनी तिच्या कानावर पडतात. मग ही पोर बुद्धाची मूर्ती करवून घेते आणि त्याला साकडं घालते: मला लवकर क्योतोला ने, सगळ्या गोष्टी वाचायला मिळू देत. पुढे एक नातलग बाई तिला अख्खी 'गेंजी' देते. दिवा जवळ ओढून ती दिवसरात्र वाचत बसते, आणि लिहिते की या सुखासमोर महाराणीचं पदही काही नाही. वाचनवेड्या मुलीला हे पान दाखवलं की जपान परका कुठे राहतो?

त्याआधीची, इ.स. ९३५ च्या सुमाराची 'तोसा निक्की'. कि नो त्सुरायुकी हा तोसा प्रांताचा अधिकारी, मुदत संपल्यावर बोटीने राजधानीला परततोय, आणि लिहितोय मात्र बाईच्या आवाजात. वारा, चाच्यांची धास्ती, अडकून पडलेली बोट आणि मधूनच तोसात वारलेल्या लेकीची आठवण.

मग डोनाल्ड कीन. युद्धात अमेरिकी नौदलाने ज्यांना जपानी शिकवलं, त्यांतला हा तरुण. मेलेल्या जपानी सैनिकांच्या रोजनिशा वाचायचं काम त्याच्याकडे आलं. काहींच्या शेवटी इंग्रजीत विनंती असे, युद्ध संपल्यावर ही वही माझ्या घरी पोचवा. कीनने अशा वह्या लपवून ठेवल्या, पण त्या जप्त झाल्या. कीन यांचे खरे जपानी स्नेही पहिल्यांदा त्या वह्यांतच भेटले. पुढे जपानी रोजनिशांवर त्यांनी 'ट्रॅव्हलर्स ऑफ अ हंड्रेड एजेस' लिहिलं. २०११ च्या भूकंपानंतर, नव्वदीच्या उंबरठ्यावर, ते जपानचे नागरिक झाले. भाचीला हे सांगताना माझा आवाज जरा भरून आला.

सलग इतिहास हवाच, पण त्यासाठी नंतर जॉन डॉवर यांचं 'एम्ब्रेसिंग डिफीट' घे म्हटलं. पराभवानंतरची उपासमार, काळा बाजार, सामान्य माणसांनी तिथला कारभार पाहणाऱ्या अमेरिकी सेनापती मॅकआर्थरला लिहिलेली पत्रं, सगळं त्यात आहे. 'तोत्तोचान' तर तिने शाळेतच मराठीत वाचलंय. त्यातली तोमोए शाळा १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाली, हेही तिला अजून आठवतंय. त्याच बॉम्बहल्ल्यांनी होरपळलेला देश डॉवरच्या पहिल्या प्रकरणांत दिसतो.

'सराशिना'चा इव्हान मॉरिस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद माझ्याकडे आहे. उद्या कुरिअर करते.