खुर्ची नेमकी कुठे धरायची?

"मदत करायची आहे, पण खुर्ची नेमकी कुठे धरू?" हा प्रश्न मला चढापाशी आणि जिन्यापाशी नेहमी विचारला जातो. तो विचारणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण पुष्कळ जण न विचारताच हात घालतात आणि हाताने चालवायच्या व्हीलचेअरला कोणी अचानक ओढले की बसलेल्या माणसाचा तोल जातो. तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आर्मरेस्ट धरू नका; बऱ्याच खुर्च्यांचा तो वर ओढताच निघून येतो. फुटरेस्टही तसाच सुटतो किंवा बाजूला फिरतो, आणि चाक धरावे तर ते फिरते. भरवशाच्या जागा दोनच, मागची हँडले आणि न निघणारी मूळ चौकट. त्यातही हँडलांवरचे रबर आधी पिळून, मागे ओढून पाहावे, कारण ते सैल असेल तर ऐन जिन्यावर नुसते रबर हातात येते.

रॅम्पसाठी सहसा १:१२ हे प्रमाण मानतात, म्हणजे १ फूट उंची गाठायला १२ फूट लांबी. माणूस ८० किलोचा आणि खुर्ची १६ किलोची धरली, तर एवढ्या सौम्य चढावरही ती नुसती थोपवून धरायला सुमारे ८ किलोचा जोर लागतो. चढ दुप्पट तीव्र असेल तर तो १६ किलोच्या घरात जातो. चढताना मी पुढे झुकते आणि पाठीला अडकवलेली पिशवी मांडीवर घेते, नाहीतर खुर्ची मागे कलंडू पाहते. म्हणूनच मागच्या माणसाने हँडले खाली न दाबता चढाच्या दिशेने सरळ ढकलावे.

उताराची मला अधिक काळजी वाटते. ब्रेक लावून सावकाश उतरता येईल, असे अनेकांना वाटते. पण खुर्चीचा ब्रेक उभी खुर्ची जागेवर राहावी एवढ्यासाठीच असतो. धावत्या चाकाला त्याने अडवले, तर खुर्ची थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. एकटी असेन तेव्हा मी पाठ मागे टेकून चाकांबाहेरची कडी तळव्यांमधून हळूहळू सरकू देते. उतार लांब असेल तर तळवे पोळतात, म्हणून हातमोजे घालते. सोबत कोणी असेल आणि उतार तीव्र असेल, तर खुर्ची वरच उलटी फिरवून घ्यावी, मदतनिसाने खालच्या बाजूला राहून मागे पाहत एकेक पाऊल टाकावे. उताराच्या मध्यावर मात्र वळू नये, कारण आडवी झालेली खुर्ची खालच्या बाजूला कलंडू शकते.

माणसासकट खुर्ची जिन्यावरून नेणे हा माझ्या मते अगदी शेवटचा उपाय आहे. दुसरी वाट कितीही लांबची असली तरी मी तीच धरते, आणि सरकत्या जिन्याचा तर विचारही करत नाही. इलाजच नसेल तर दोन धडधाकट माणसे हवीत. कमरेचा पट्टा बांधावा, ब्रेक सोडावेत, आणि खुर्ची मागे उलटू नये म्हणून बसवलेली छोटी चाके असतील तर ती काढावीत, कारण ती पायरीला अडकतात. वर जाताना खुर्चीची पाठ जिन्याकडे असते. एकाने वरच्या पायरीवरून हँडले धरावीत, दुसऱ्याने खालून चौकट धरावी. खुर्ची मागे झुकवत नेली की एका ठरावीक कोनात हँडलांवरचा भार एकदम हलका होतो. तोच तोल शेवटपर्यंत राखायचा. खुर्ची अधांतरी उचलायची नाही, मोठी चाके पायरीच्या कडेवरून फिरवत एकेक पायरी चढायची, आणि दोन्ही चाके पायरीवर एकाच वेळी टेकली पाहिजेत, नाहीतर खुर्ची पिळवटते. इशारा बसलेल्या माणसाने द्यावा. उतरतानाही माणसे आपापल्या जागी तशीच राहतात. फक्त खुर्चीचे तोंड खाली असते, ती मागे झुकलेलीच ठेवायची आणि प्रत्येक पायरीवर थांबायचे.

वर पोहोचताच खालून चौकट धरणारा माणूस हात सोडून मोकळा होतो, असे मी अनेकदा पाहिले आहे, आणि खुर्ची तेव्हा जिन्याच्या अगदी कडेला असते. ती कडेपासून चांगली मागे ओढून घ्यावी, पुढची छोटी चाके सावकाश टेकवावीत, ब्रेक लावावेत, आणि बसलेला माणूस "सोडा" म्हणेल तेव्हाच हात काढावेत.