मामांची धाप

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. त्याच दिवसांत आमच्या फार्मसी कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे उंदीर ठेवायच्या खोलीत, वरून आदेश आला की पिंजरे आठवड्यातून दोनदा नाही, एकदाच धुवायचे. उंदरांच्या पिण्याच्या बाटल्या मी स्वतः बघायचे, त्या रिकाम्या राहू दिल्या नाहीत. पण बेडिंग, म्हणजे पिंजऱ्यात अंथरलेलं तूस, साचत गेलं. कूलरच्या टाकीत पाणी नव्हतं, नुसता पंखा फिरत होता आणि वाळलेल्या तुसाची धूळ खोलीभर उडत होती.

पिंजरे साफ करणाऱ्या मामांचं नाक गळणं जुनंच होतं. त्या महिन्यात धाप सुरू झाली. "मॅडम, छातीत शिट्टी वाजायलीय बघा." गावातल्या डॉक्टरनं धूळ म्हणून इंजेक्शन टोचलं. मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी विचारलं, काम काय करता? असे डॉक्टर कमी भेटतात. त्यांनी पीक फ्लो मीटर दिला. सकाळ-संध्याकाळ जोरात फुंकायचं आणि आकडा लिहायचा; आकडा कमी म्हणजे श्वासनळ्या आवळलेल्या. सुट्टीच्या दिवशी 380, पिंजरे साफ केल्याच्या संध्याकाळी 260. मामा ते आकडे बेडिंगच्याच रजिस्टरात, तारखेसमोर लिहायचे. त्यामुळे कारण शोधावं लागलं नाही, एकाच ओळीत दिसत होतं.

ऑफिसात हे सांगितलं तर उत्तर मिळालं, "उंदराच्या मुतानं कुणाला दमा होतो का?" मग मी टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्या, लघवीतलं प्रोटीन तपासायच्या. निरोगी माणसाच्या लघवीत बुडवलेली पिवळीच राहिली, नर उंदराच्या लघवीतली हिरवी झाली. "म्हणजे आपले उंदीर आजारी आहेत?" नाहीत, सर. उंदराच्या लघवीत प्रोटीन असणं हेच निरोगीपण आहे.

हा भाग मला शिकवायला फार आवडतो. उंदराच्या चौथ्या गुणसूत्रावर या मूत्र-प्रथिनांच्या जनुकांची रांगच आहे, त्यातली वीसेक तरी चालू. प्रथिन यकृतात बनतं, रक्तातून मूत्रपिंडात येतं आणि बाहेर पडतं. वजन जेमतेम 19 किलोडाल्टन, म्हणजे प्रथिनांत लहानच, आकार छोट्या पिंपासारखा. त्या पोकळीत नराचा वास धरून ठेवलेला असतो आणि तो हळूहळू सुटतो, म्हणून खूण वाळल्यावरही दुसऱ्या उंदराला कळते. टेस्टोस्टेरॉनमुळे नरात ते मादीपेक्षा कितीतरी जास्त बनतं. माणसात या जनुकाचा एक मोडका अवशेष आहे, काम न करणारा. आपल्या शरीराला हे प्रथिन परकं. लघवी वाळली की ते धुळीवर बसून तरंगतं, श्वासातून आत जातं आणि काहींच्या शरीरात त्याच्याविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड, तयार होतं. ॲलर्जीच्या यादीत त्याला नावही आहे, मस एम वन.

मामा पिंजरा ड्रमच्या काठावर आपटून रिकामा करायचे, सगळीकडे तसाच करतात. मी स्प्रेची बाटली आणली, तूस आधी ओलं करायचं. त्याला पेलाभर पाणी पुरतं. पिंजरे बदलताना पंखा बंद. एन-95 मास्क. ज्या प्रयोगात चालतं तिथे माद्या वापरायच्या. संध्याकाळचा आकडा 300 च्या वर गेला, पण सकाळशी जुळला नाही. डॉक्टर म्हणाले, एकदा शरीर बिथरलं की थोडंही पुरतं, यांना तिथून हलवा.

कंत्राटी माणसाची बदली करायची सोय नाही, असं कळवण्यात आलं. पुढच्या महिन्यापासून येऊ नका. आमच्या रजिस्टरात प्रत्येक उंदराचं वजन आहे. मामांच्या छातीची नोंद झाली, आणि तीच त्यांच्या नोकरीवर आली. मी गप्प बसले असते तर पगार राहिला असता आणि दमा वाढत गेला असता. यातलं बरं काय होतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

मामांना नंतर आडत बाजाराजवळ डाळीच्या गोदामात राखणदारी मिळाली. आता तिथे उंदीर घरचे, पण जात तीच. मीटर त्यांच्याकडेच आहे, आकडे फोनवर सांगतात. संध्याकाळचे पुन्हा खाली यायला लागलेत. त्या बाजारात हमालांचा खोकला धुळीच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या खपलाय. त्यांच्यापैकी काहींची तरी आयजीई तपासणी करायला छातीचे डॉक्टर तयार आहेत. गोदामाच्या मालकाशी बोलणं चालू आहे.