मोरचूद तेवढाच, माती वेगळी

दोन मातींत सारखाच मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) मिसळून गांडुळं सोडली होती; चौदाव्या दिवशी त्या बरण्या ट्रेमध्ये उलट्या केल्या. काळ्या मातीतली गांडुळं उजेड लागताच आडोसा शोधायला लागली. जांभ्याच्या लाल मातीत मात्र ढेकळं फोडूनही बहुतेक सापडेनात. मेलेलं गांडूळ मातीत चटकन विरून जातं, म्हणून न सापडलेलं मृतच धरतात. पडून असलेल्यांच्या तोंडाकडच्या टोकाला हलकेच टोचून पाहिलं. हालचाल नाही.

तांबं दोन्हीकडे किलोला 400 मिलिग्रॅम. म्हणजे 500 ग्रॅम कोरड्या मातीला 786 मिलिग्रॅम मोरचूद, पाण्यात विरघळवून. बरणीत 300 ते 600 मिलिग्रॅम वजनाची, अंगावर पट्टा आलेली, म्हणजे प्रौढ, आयसेनिया फेटिडा जातीची दहा गांडुळं; तापमान 20 अंश.

काळ्या मातीचा सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल) आठच्या वर, त्यात चुनखडी आणि फुगणारी चिकणमाती. तांबं तिथं कणांना धरून बसतं, शिवाय कॅल्शियम गांडुळाच्या त्वचेवरच्या जागा अडवतं. लाल मातीचा सामू 5.4 होता; मोरचूद पडल्यावर पाचच्या खाली आला. तांब्याचे मोकळे आयन (पाण्यात सुटे फिरणारे भारित कण) वाढले, आणि घात त्यांनीच केला.

पण नुसत्या आम्लतेनंच मेली नसतील कशावरून? ही शंका आधीच धरून दोन जादा बरण्या ठेवल्या होत्या. एकीत तांबं नाही, फक्त सौम्य गंधकाम्लानं सामू तेवढाच उतरवलेला. दुसरीत तांबं तेवढंच, पण आठवडाभर आधी चुनखडीची पूड मिसळून सामू साडेसहावर आणलेला. दोन्हीतली गांडुळं हलत होती.

या कामात डीटीपीएच्या (मातीतली सूक्ष्म अन्नद्रव्यं काढून मोजायच्या द्रावाच्या) अहवालावर मी विसंबत नाही. तो द्राव 7.3 सामूला बांधलेला, मातीत काय कमी आहे ते सांगायला केलेला. मातीमातीतला आम्लतेचा फरक तोच पुसून टाकतो. त्यापेक्षा 0.01 मोलर कॅल्शियम क्लोराइडचा द्राव, एक भाग मातीला दहा भाग, दोन तास हलवून गाळलेला बरा. आणि ताजा मोरचूद द्राक्षबागेत वर्षानुवर्षं मुरलेल्या बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या फवारणी मिश्रणाच्या) तांब्यापेक्षा गांडुळांना जास्त घातक ठरतो, तेव्हा बरणीतला आकडा जसाच्या तसा बागेला लावू नये.

एक बरणी उलटी बोलली. काळ्या मातीत कंपोस्ट मिसळलं तर पाण्याच्या अर्कात तांबं वाढलेलं, गांडुळं मात्र ठणठणीत. अर्क चहासारखा तपकिरी होता: विरघळलेल्या ह्यूमसनं तांबं धरून ठेवलेलं. धातू मोजायचं एएएस यंत्र धरलेलं आणि मोकळं तांबं एकत्रच मोजतं. मोकळं तांबं वेगळं पाहायला आयन-निवडक इलेक्ट्रोड लावावा लागला.