चेहरा न आठवणारा माणूस

सुट्टी, बाहेर पाऊस आणि हातात दानिएल गालेराची ‘ब्लड-ड्रेंच्ड बिअर्ड’ (इंग्रजीतून, पोर्तुगीज कुठलं येतंय!). मूळ ब्राझिलियन कादंबरी २०१२ची. नायकाला कुणाचाच चेहरा लक्षात राहत नाही, आरशातला स्वतःचाही. वडिलांच्या आत्महत्येनंतर त्यांची म्हातारी कुत्री घेऊन तो गारोपाबा या समुद्रकाठच्या गावी राहायला येतो. माणसं ओळखायची ती चालीवरून, आवाजावरून, केसांवरून. आपल्यालाही मग तेवढंच दिसतं. उदास वाटतंय असं कुणी म्हणत नाही, पण पानापानांत गारठा. ब्राझील म्हणजे कार्निव्हल नि फुटबॉल एवढंच डोक्यात असलेल्या मला हा दक्षिणेकडचा हिवाळा नवाच.

संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले. जिन्यात एक काकू भेटल्या, भरभरून बोलल्या. चेहरा लख्ख ओळखीचा, नाव अजून आठवत नाहीये.