ब्रायटन : आधी छत्री, मग राजवाडा, समुद्र शेवटी

लंडनला मुलांकडे किंवा कामानिमित्त आलेली आपली मंडळी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला एक चक्कर टाकतातच. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून साधारण तासाभरात गाडी पोचते आणि स्टेशनातून उतारानं सरळ चालत सुटलं की पंधरा मिनिटांत समुद्र. मग पिअरवर, म्हणजे समुद्रात गेलेल्या लांब धक्क्यावर, फोटो, फिश अँड चिप्स, संध्याकाळी परत. आम्ही हा क्रम उलटा केला, आणि तुम्हीही करा असं माझं स्पष्ट मत आहे. पाय ताजे असताना चढ उरकून घ्यावा.

चढ कुठला? शहराच्या उत्तरेला साउथ डाउन्सच्या टेकड्या आहेत, तिथे 'छत्री' नावाचंच स्मारक आहे. पॅचमपर्यंत बस मिळते, पुढे मात्र पायीच जायचं. वाट शेतातून आणि मेंढ्यांच्या कुरणातून जाते. फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. वर पाणी, चहा, स्वच्छतागृह काहीही नाही. पावसानंतर चिखल होतो, त्यामुळे सँडल नकोत. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून निघावं. व्हीलचेअर तर इथवर नेणं कठीणच.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या इस्पितळांत आणले जात. त्यांतल्या मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना याच टेकडीवर अग्नी दिला गेला आणि रक्षा समुद्रात सोडली गेली. मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगला, तिथल्या मशिदीच्या परिसराजवळ झालं. पांढऱ्या संगमरवराची ही छत्री पुण्याच्या शिंदे छत्रीसारखी भव्य वगैरे मुळीच नाही. आठ खांब, वर घुमट, बस्स. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुकाराचा. तिच्यासमोर ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळा आहेत, त्यांच्याखाली चितेचे मूळ ओटे आहेत. २०१० साली बाजूला नावांचं वेगळं स्मारक झालं. ती ५३ नावं सावकाश वाचा. छत्रीचं अनावरण १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सनं केलं. हाच राजपुत्र त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत उतरला, तेव्हा बहिष्कार आणि दंगलींनी शहर पेटलं होतं.

खाली आलात की रॉयल पॅव्हिलियन. तिकीट आहे, ऑनलाइन काढून जा. बाहेरून मुघल घुमट-मिनार आणि आत सगळा चिनी थाट, असा हा विचित्र महाल. भोजनदालनात मान वर करा. छतावर केळीची भलीमोठी पानं रंगवलेली, त्यांतून एक ड्रॅगन खाली झेपावतोय आणि त्याच्या नखांत अख्खं झुंबर लटकतंय. चौथा जॉर्ज राजपुत्र असल्यापासून इथे येई. जॉन नॅश या वास्तुकारानं १८१५ पासून काही वर्षांत महालाला आजचं रूप दिलं. व्हिक्टोरिया राणीला मात्र तो पसंत नव्हता. १८४१ मध्ये रेल्वे आली आणि लंडनची गर्दी थेट दारात येऊन ठेपली. १८५० मध्ये नगरानं तो ५३ हजार पौंडांना विकत घेतला.

हे १८५० साल लक्षात ठेवा. डिसेंबर १९१४ पासून इथे हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं, सातशेहून जास्त खाटांचं. राजानं आपला राजवाडा रिकामा करून दिला, अशी सैनिकांची समजूत होती, आणि सरकारनं ती खुशाल होऊ दिली. प्रत्यक्षात महाल साठ-पासष्ट वर्षं नगराच्याच मालकीचा होता. जातिधर्माप्रमाणे वेगळी स्वयंपाकघरं, पाण्याचे वेगळे नळ, सगळी बडदास्त होती. पण बाहेर मोकळं फिरायला बंदी. एल्म ग्रोव्ह रस्त्यावरच्या किचनर इस्पितळात तर पहारा आणखी कडक. तिथल्या गोडबोले नावाच्या सब-असिस्टंट सर्जननं या कोंडीला विटून प्रमुख कर्नल सेटनवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला आणि सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. पॅव्हिलियनच्या बागेतलं दक्षिण दार १९२१ मध्ये भारतातून आलेल्या देणगीतून उभारलं, त्याचे फोटो सगळेच काढतात. गोडबोल्यांचं नाव सांगायला कुणी गाइड येईल असं वाटत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.

आता समुद्र. वाळू नाही, सगळे गोटे. अनवाणी चालायची हौस दहा पावलांत फिटते. हे मूळचं ब्राइटहेल्मस्टन नावाचं कोळ्यांचं गाव. खाऱ्या पाण्याचे औषधी गुण सांगणारा डॉ. रिचर्ड रसेल अठराव्या शतकाच्या मध्याला इथे आला आणि श्रीमंत रुग्ण समुद्रात डुबक्या मारू लागले, पाणी पिऊही लागले! त्याच लाटेवर स्वार होऊन पाटण्याच्या शेख दीन मुहम्मदनं इथे चंपी आणि वाफेच्या स्नानाचा धंदा मांडला आणि थेट राजापर्यंत मजल मारली. त्याची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे, स्टेशनपासून जवळच. परतीच्या वाटेवर सहज होते.

१८९९ चा पॅलेस पिअर म्हणजे जत्रा, मुलं असतील तर जा. मला १८६६ च्या वेस्ट पिअरचा पाण्यात उभा लोखंडी सांगाडा जास्त आवडला. १९७५ मध्ये तो बंद पडला आणि २००३ च्या आगींनी उरलंसुरलं संपलं. किनाऱ्यालगतची व्होल्क्स रेल्वे १८८३ ची, जगातली सर्वांत जुनी चालू विजेची रेल्वे. पण थंडीत ती बंद असते. चिप्स पिअरवर न घेता आतल्या गल्ल्यांतून घ्या आणि हातातला पुडा झाकून धरा, सीगल पक्षी डोळ्यादेखत पळवतात. शाकाहारी असाल तर आधी विचारा, काही ठिकाणी बटाटे गोमांसाच्या चरबीत तळतात. आणि रविवारी निघण्याआधी गाड्यांचं वेळापत्रक पाहाच, रुळांच्या कामामुळे कित्येकदा मधल्या टप्प्यात बसनं जावं लागतं.