डेलावेअर: नुसता टोल भरून पुढे जाऊ नका

न्यू जर्सीहून वॉशिंग्टनला जाणारे आपले लोक डेलावेअरमधून असंख्य वेळा गेलेले असतात पण डेलावेअर पाहिलेलं कोणी नसतं, कारण आय-९५ हायवे राज्याच्या अगदी वरच्या टोकातून जातो, वीस-पंचवीस मैल झाले की मेरीलँड सुरू. फार तर सेल्स टॅक्स नाही म्हणून ख्रिस्तियाना मॉलला थांबून आयफोन घेतात आणि निघतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

राज्य छोटंच आहे. उत्तर-दक्षिण साधारण ९६ मैल, रुंदी काही ठिकाणी जेमतेम ९ मैल, काउंट्या तीन, वस्ती दहा लाखांच्या आसपास. पण ७ डिसेंबर १७८७ ला अमेरिकेच्या राज्यघटनेला सगळ्यात आधी मंजुरी दिली ती यांनी, म्हणून नंबरप्लेटवर अजूनही 'द फर्स्ट स्टेट' लिहिलेलं असतं. वर विल्मिंग्टन, तिथे ब्रँडीवाइन नदीवर १८०२ मध्ये ड्यू पाँटने बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला, पुढे मोठी केमिकल कंपनी झाली ती हीच. मग व्याजदरावरची मर्यादा काढणाऱ्या १९८१ च्या कायद्याने क्रेडिट कार्डवाल्या बँका आल्या, त्यांच्या मागोमाग आयटीवाले आपण. हॉकेसिनला महालक्ष्मीचं देऊळ आहे, इथल्या मराठी घरांना ते माहीत असतंच.

पण खरं डेलावेअर कालव्याच्या दक्षिणेला. चेसापीक-डेलावेअर कालवा ओलांडला की एकदम सपाट जमीन, मका, सोयाबीन आणि कोंबड्यांच्या लांबच लांब शेड. ब्रॉयलरचा, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांचा धंदा अमेरिकेत इथूनच वाढला, १९२३ मध्ये सेसिल स्टील नावाच्या बाईंनी ५० पिल्लं मागवली आणि हॅचरीने चुकून ५०० पाठवली, तर बाईंनी परत न करता सगळी वाढवून विकली!

आणि मग खाडी. मे-जूनमध्ये पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास रात्रीच्या भरतीला डेलावेअर बेच्या किनाऱ्यावर जा. हॉर्सशू क्रॅब हजारोंनी वर येतात. नावात क्रॅब असलं तरी हे खेकडे नव्हेत, नातं कोळ्या-विंचवांशी जवळचं, आणि यांचे पूर्वज डायनासोरच्याही आधीपासून समुद्रात होते. मादी मोठी, तिला मागून चिकटलेला नर लहान, बाजूला अजून दोन-चार नर घिरट्या घालतायत, कवचावर कवच आपटल्याचा खटखट आवाज सगळीकडे. सकाळी वाळूत बारीक हिरवट अंडी दिसतात, मोहरीपेक्षा थोडी मोठी.

त्या अंड्यांसाठी रेड नॉट नावाचे पक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून उडत येतात, आर्क्टिकला अंडी घालायला जाताना मधला मोठा मुक्काम इथे, दोनेक आठवडे नुसतं खायचं आणि वजन जवळजवळ दुप्पट करून पुढे जायचं. मध्ये मासेमारीच्या आमिषासाठी क्रॅब बेसुमार पकडले गेले तेव्हा या पक्ष्यांची संख्याही खूप घसरली, आता पकडण्यावर मर्यादा आहे पण पक्षी पूर्वीइतके नाहीत. शिवाय क्रॅबचं निळं रक्त वापरून इंजेक्शनच्या औषधात जंतूंचं विष आहे का ते तपासतात. कृत्रिम पर्याय निघालाय, तो लवकर सगळीकडे वापरावा असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर स्लॉटर बीच किंवा बॉवर्स बघा, भरतीची वेळ आधी तपासा आणि मच्छरांचं औषध न्याच. क्रॅब उलटा पडलेला दिसला तर शेपटीला धरून उचलू नका, तिला इजा होते, कवचाच्या कडेला धरून सरळ करा, चावत नाही की डसत नाही, मुलांनाही करू द्या. येताना त्याच रस्त्याने यायची गरज नाही, लुईस गावाहून पलीकडच्या 'केप मे' गावाला फेरीबोट आहे, गाडी आत घालायची, दीड तासाच्या आत न्यू जर्सी.