कसर, वटवाघळं आणि तीनशे वर्षांची पुस्तकं

आज ठाण्यात दिवसभर पावसाची झड. मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना 1893, आपल्या गावाचं भूषण!) जुनं पुस्तक उघडलं की अशा हवेत पानं गार, किंचित ओलसर लागतात. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, मागोमाग कसर, म्हणजे कागद खाणारी कीड येते.

अशा वेळी पोर्तुगालमधलं कोइंब्रा विद्यापीठाचं जोआनिना ग्रंथालय आठवतं. बांधकाम 1717 ते 1728. दोन मीटरहून जाड भिंती, त्यामुळे आतली हवा फारशी बदलत नाही. कपाटं ओक लाकडाची, किडीला सहज न पोखरता येणारी. आणि रात्री किडे खायला वटवाघळं! संध्याकाळी टेबलांवर चामडं अंथरतात, सकाळी विष्ठा साफ करतात. जाणार असाल तर लक्षात घ्या, तिकिटावर आत जाण्याची वेळ ठरलेली असते. ती चुकवू नका.

स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलेनमधल्या मठाच्या ग्रंथालयात लाकडी जमीन घासू नये म्हणून बुटांवर नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) सपाता चढवाव्या लागतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयातल्या लाँग रूम या दालनातली बहुतेक पुस्तकं जतनासाठी हलवली आहेत, तेव्हा भरलेली कपाटं बघायची असतील तर आधी चौकशी करा.

पण पहिला प्रवास तंजावरचाच करा. तिथले मराठा राजे सरफोजी यांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतले मराठी कागद आहेत, आपल्या भाषेचे, थेट कावेरीच्या खोऱ्यात!

आणि हो, घरी पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका, तिथेच बांधणी फाटते. शेजारची दोन आत ढकला, मग मधलं कमरेला धरून काढा.